मावशींचा पाय

बोईसरच्या बाजारात आमची मासळीवाली ठरलेली आहे. दांडीच्या मावशी. गेली वीस-बावीस वर्षे आम्ही उभयता त्यांच्याकडूनच बोंबील, मांदेली आणि हात जरा सैल असला तर पापलेट घेत आलो. त्या आम्हांला नावाने हाक मारीत नाहीत. आमच्यातल्या शिक्षिकेला त्या 'बाई' म्हणतात आणि औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, हयात घालवलेल्याला 'भाऊ'. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. वयाने त्या आमच्याहून फार मोठ्या नाहीत. पण कोळणीला मावशी म्हणायचे असते, ही आमच्या वसईची शिकवण.

2017 सालची नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होड्या समुद्रात जाऊ लागल्या होत्या आणि बाजाराला पुन्हा रंग चढला होता. एके दिवशी मावशींच्या डाव्या पायाला ओले फडके गुंडाळलेले दिसले. कालवे काढायला त्या खाडीत उतरल्या होत्या, तेथे शिंपल्याची धार अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला लागली. लागल्याचे त्यांना कळलेही नाही. घरी आल्यावर सुनेने ओट्यावर रक्ताची पावले पाहिली, तेव्हा समजले.

"दुखत नाय बाई," त्या हसून म्हणाल्या, "म्हणून काळजी नाय."

आम्हांलाही हायसे वाटले. दुखत नाही ही चांगलीच गोष्ट, असे आम्ही मान डोलावून म्हटले. पुढे जे घडले त्यातली आमची पहिली चूक ही.

दुसरी चूक अधिक मोठी होती आणि ती आम्ही प्रेमाने केली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे तयार होतात. या परिसरात राहणाऱ्या आम्हा लोकांना औषधांचे भय वाटेनासे होते. आमच्या कपाटात अर्धवट उरलेल्या कॅप्सूलच्या पट्ट्या होत्या, मलमाच्या नळ्या होत्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची एक मोठी बाटली होती. ती घेऊन आम्ही दर रविवारी मिस्सा आटोपली की दांडीला जाऊ लागलो.

दांडीला जायचे म्हणजे बोईसरहून नवापूरच्या रस्त्याने समुद्राकडे निघायचे. कारखान्यांच्या भिंती मागे पडतात, वारा खारट होतो आणि उच्छेळी ओलांडली की एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस मुरब्याकडची खाडी, अशा जागी गाव येते. आडव्या बांबूंवर बोंबील जोडीजोडीने लटकत असतात. त्यांच्या सावलीत मावशी पाय पुढे करून बसत आणि आम्ही जखमेवर पेरॉक्साइड ओतत असू. पांढरा फेस उसळला की आम्हांला मोठे समाधान वाटे. जंतू मरत आहेत, असे आम्ही मावशींना समजावून सांगत असू. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस हे काम त्यांची सून करी. मधूनमधून चार-सहा कॅप्सूलही आम्ही दिल्या. साखर तपासली का, हे विचारले नाही. विचारण्याचे सुचलेच नाही.

नाताळ आला. जखम रुपयाएवढी झाली होती. तिच्या कडा पांढऱ्या आणि घट्टयासारख्या कठीण झाल्या होत्या, मध्ये फिकट, ओलसर खळगा. चार महिने झाले होते. मावशी रोज पहाटे उठून टेम्पोने बाजारात येत, दुपारपर्यंत उभ्या राहून मासळी विकत. दुखत नव्हतेच.

जानेवारीत आम्ही एका ओळखीच्या धर्मभगिनींना आमच्याबरोबर दांडीला चलण्याची विनंती केली. सिस्टर परिचारिका, तरुणपणीची बरीच वर्षे त्यांनी कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेत काढलेली. त्यांनी जखमेकडे पाहिले, पण पहिला प्रश्न जखमेविषयी नव्हता. "साखर किती?" मावशींना ठाऊक नव्हते. मग सिस्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले, नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि लागले की सांगा म्हणाल्या. मावशी डोळे मिटून वाट पाहत राहिल्या. तंतू सात-आठ ठिकाणी टेकून झाला होता. "लावा ना आता," त्या म्हणाल्या.

सून एकदम रडू लागली. सिस्टरांनी आमच्या हातातली बाटली घेतली, बूच लावले आणि ती आमच्याच पिशवीत ठेवली. "ही घरी न्या," एवढेच म्हणाल्या. येताना रिक्षात त्यांनी सांगितले, की तो फेस जंतूंना मारतो तसा जखमेतल्या नव्या कोवळ्या पेशींनाही मारतो. आपण रोज पेरणी करायची आणि रोज उगवलेले कोंब खुडायचे, असा तो प्रकार होता. बोईसर येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला अपराधाची टोचणी लागली की तो वाचू लागतो. आम्हीही वाचू लागलो. प्रश्न साधा होता: जखम मुळात भरते कशी? आपल्या भाषेनेच एक गोष्ट आधी सांगून ठेवली आहे. डॉक्टर जखम धुतो, शिवतो, बांधतो. 'भरते' मात्र ती जखम. त्या क्रियापदाला कर्ता दुसरा नाही.

या वाचनात आम्हांला एका बेडकाची गोष्ट भेटली. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ नावाचे वैद्यक-संशोधक आफ्रिकन बेडकांच्या अंड्यांवर काम करीत होते. बेडकीचे पोट चिरायचे, अंडाशय काढायचे, टाके घालायचे आणि तिला पुन्हा टाकीतल्या पाण्यात सोडायचे, असा क्रम असे. टाकीचे पाणी निर्जंतुक मुळीच नव्हते. तरीही जखमा न चिघळता भरत. हे रोज पाहणारे कितीतरी होते. झॅस्लॉफ यांना त्याचे नवल वाटले. 1987 साली त्यांनी त्या बेडकाच्या कातडीतून दोन छोटी द्रव्ये वेगळी केली. प्रत्येकात अवघी 23 अमिनो आम्ले, माळेत मणी ओवावे तशी. त्यांना त्यांनी 'मॅगेनिन' हे नाव दिले. 'मागेन' म्हणजे हिब्रू भाषेत ढाल. स्तोत्रकर्ता परमेश्वराला ज्या शब्दाने ढाल म्हणतो तोच हा शब्द. प्रयोगशाळेच्या टाकीतून तो आमच्यापुढे असा येईल, हे आम्हांला कधी वाटले नव्हते.

अशा द्रव्यांना प्रतिजैविक पेप्टाइडे म्हणतात. ती बेडकाचीच मिरास नाहीत. स्वीडनमध्ये हान्स बोमान यांनी 1981 साली ती एका पतंगाच्या कोशात दाखविली होती. 1985 साली अमेरिकेत ती माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत सापडली. 1995 साली माणसातले आणखी एक पेप्टाइड कळले. त्यात 37 अमिनो आम्ले आहेत, म्हणून त्याचे नाव एलएल-37. मावशींना पुढे रोज टोचून घ्यावे लागले ते इन्सुलिन 51 अमिनो आम्लांचे असते, त्यावरून या ढालींचा लहानपणा ध्यानात यावा. माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावातही ती असतात. निवटी पकडताना हातातून निसटते, त्या बुळबुळीत काय काय साठवलेले असते याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. आणि हे शास्त्र दूरदेशीचेच आहे असेही नाही. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने जगभरच्या अशा पेप्टाइडांची एक संगणकीय सूची तयार केली. तिचे नाव 'कॅम्प'. तिच्यावरचा शोधनिबंध 2010 साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून ती सूची वाढतच गेली आहे.

या ढालीचे काम मोठे चतुराईचे आहे. बहुतेक पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो. जीवाणूच्या आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग ऋण भाराचा, तर आपल्या पेशींचा बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ भारहीन. म्हणून पेप्टाइड जीवाणूकडे ओढले जाते, त्याच्या आवरणात घुसते आणि त्याला भोके पाडते. आपल्या पेशीला बहुधा सोडून देते. आवरणच बदलून टाकणे जीवाणूला जड जाते, म्हणून नेहमीच्या प्रतिजैविकांना तो जितका लवकर सरावतो तितका या पेप्टाइडांना सरावत नाही. (मुळीच सरावत नाही असे मात्र नव्हे, काही जीवाणू आपल्या आवरणाचा भार बदलून हुलकावणी देतात.) पण आम्हांला त्याहून नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. हीच पेप्टाइडे जखमेच्या काठच्या पेशींना पुढे सरकण्याचा निरोप देतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतात. म्हणजे पहारेकरी तोच आणि गवंडीही तोच. तोंडात जीभ किंवा गाल चावला तर ती जखम दोन-चार दिवसांत मिटते, हे आपण जाणतो. आपल्या लाळेत हिस्टाटिन नावाची पेप्टाइडे असतात, ती याच कुळातली. हे वाचले तेव्हा संत रॉक यांची मूर्ती आठवली: मांडीवरची उघडी जखम आणि पायाशी बसलेला कुत्रा. अर्थात कोणी जखमा चाटू अगर चाटवू नयेत. लाळेत जंतूही असतात.

मग मावशींची जखम का भरत नव्हती? ढाल होती कोठे? स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी 2003 साली दाखविले, की ताज्या जखमेच्या काठच्या त्वचेत एलएल-37 भरपूर तयार होते. आणि पायावरच्या जुनाट, न भरणाऱ्या जखमेच्या काठावर ते जवळजवळ नसतेच. त्यात आणखी भर पडते. जुनाट जखमेतल्या स्रावात प्रथिने तोडणारी विकरे वाढलेली असतात. जी थोडी पेप्टाइडे येतील त्यांचे ती तुकडे करतात. जीवाणू चिकट थर करून त्याखाली दडतात. जखम जणू सुरुवातीच्या दिवसातच अडकून पडते. पहिला दिवस संपतच नाही.

हे वाचल्यावर आम्हांला वाटले, आता उत्तर सापडले. जे पेप्टाइड नाही ते मलमात घालून लावावे! हा विचार अर्थातच आमच्या आधी इतरांना सुचला होता. मॅगेनिनवरून 22 अमिनो आम्लांचे पेक्सिगॅनन हे औषध बनविण्यात आले, तेही मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठीच. 1999 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. दुसऱ्या एका कंपनीने ते पुन्हा उचलले. 2016 साली मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तर औषधाविना नुसते मलम लावलेल्यांहून ते सरस ठरले नाही. एलएल-37 चेही तसेच. 2014 साली 34 रुग्णांवरील चाचणी आशादायक निघाली, त्यातही कमी मात्रांनी गुण दिला आणि सर्वांत मोठ्या मात्रेने दिला नाही. पुढे अधिक रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा एकंदरीत तो गुणही दिसेना. औषधनिर्मितीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचणे कठीण गेले. इतकी सुंदर ढाल, आणि हातात दिली तर चालत नाही!

आम्ही हे सर्व सिस्टरांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि डॉ. पॉल ब्रँड यांची हकिकत सांगितली.

ब्रँड यांचा जन्म 1914 साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद म्हणून आले. कुष्ठरोग्यांचे तळपाय सडतात ते रोगाने मांसच कुजके झाल्यामुळे, अशी त्या काळची समजूत. ब्रँड यांना आढळले, की मांसात काहीच खोट नाही. रोगाने नसा मारल्या आहेत, दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो. पायाला प्लॅस्टर घालून जखमेवरचा भार काढून घेतला की त्याच पायाची जखम तुमच्याआमच्यासारखी भरते. 1966 साली ते अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांनाही हाच न्याय लागू पडतो, हे तेथून पसरले. वेदना ही देणगी आहे असे ते म्हणत आणि त्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. आम्ही मावशींच्या न दुखण्याचे अभिनंदन केले होते, ते आठवून मान खाली गेली.

"ढाल तिच्या अंगात आहे," सिस्टर म्हणाल्या, "पण ढालीवर रोज पासष्ट किलो वजन उभे राहते, त्याला ती काय करील?"

मुंबईच्या एका रुग्णालयात तपासण्या झाल्या. साखर तीनशेच्या वर होती. पायाची नाडी मात्र चांगली लागत होती आणि हाडापर्यंत जंतू पोचले नव्हते. रक्तपुरवठा तुटलेला असता अगर आत पू असता तर प्लॅस्टर घालता आले नसते, कदाचित पायही राहिला नसता. डॉक्टरांनी कडांचा घट्टा आणि मेलेले मांस कापून काढले, इन्सुलिन सुरू केले आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातले. ते दर आठवड्याला बदलायचे. चालणे घरापुरते. बाजार बंद.

येथे खरा प्रसंग उभा राहिला. पाय टेकू नका, हे सांगायला सोपे. पण मावशींच्या घरचा हंगाम त्यांच्या पायांवर उभा होता. मुलगा होडीवर, नातवंडे शाळेत, घेतलेल्या जाळ्यांचे पैसे फेडायचे. मावशींनी आम्हांला स्पष्ट सांगितले, "पाय गेला तर बसून विकीन. हंगाम गेला तर काय विकू?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. पेप्टाइडांच्या कोणत्याही निबंधात या प्रश्नाचा उल्लेख आम्हांला आढळला नव्हता. आम्ही काही पैसे पुढे केले. त्यांनी ते हाताने बाजूला सारले आणि दोन आठवडे आमच्याशी नीट बोलल्या नाहीत.

तोडगा सुनेने काढला. आजवर ती बाजारात कधी बसली नव्हती. भाव करायला लाजत असे. शेजारच्या दोघी बायकांनी तिला मध्ये बसवले आणि मावशींची पाटी तिघींच्या ओळीत आली. पहिल्या दिवशी तिने आम्हांलाच करंदी इतकी स्वस्त दिली की शेजारणीने तिच्या हातावर चापट मारली. मावशी घरी ओट्यावर पाय उंच ठेवून जाळी विणीत बसत आणि संध्याकाळी सुनेकडून पैशापैशाचा हिशेब घेत. एकदा, फेब्रुवारीत, त्या प्लॅस्टरसकट समुद्रावर होडी पाहायला चालत गेल्या. प्लॅस्टर भिजले, काढावे लागले, आत जखम पुन्हा लाल झालेली. त्या दिवशी सिस्टर त्यांच्यावर रागावल्या. मावशीही रडल्या. आम्ही बाहेर बोंबलांपाशी उभे राहिलो.

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला होता. दर आठवड्याला प्लॅस्टर उघडले की आम्ही श्वास रोखून पाहत असू. कडेने एक फिकट गुलाबी, पातळ, जवळजवळ पारदर्शक पट्टी आत सरकत होती. एका आठवड्यात दोन मिलिमीटर, कधी तेवढीही नाही. तिच्या काठावर एलएल-37 आता तयार होत असेल का, हे पाहण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते. मलम नव्हते, फेस नव्हता. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुणे, साधी पट्टी, प्लॅस्टर आणि बसून राहणे. पाचव्या आठवड्यात जखम चवलीएवढी होती, नवव्यात मसुराएवढी. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, एकूण अकराव्या प्लॅस्टरखाली, ती मिटलेली दिसली. डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे जपायला सांगितले, मग मऊ रबराच्या तळाच्या चपला करून दिल्या. मावशींनी जन्मात घराबाहेर पडताना चपला घातल्या नव्हत्या. वाळूत त्या अडखळतात अशी त्यांची तक्रार आजही आहे.

त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना सांगितले, की आइसलंडमध्ये कॉड माशाची स्वच्छ केलेली कातडी अशा न भरणाऱ्या जखमांवर लावतात आणि ब्राझीलमध्ये तिलापिया माशाची कातडी भाजलेल्यांवर. मावशींचा विश्वास बसेना. "कातडी? आम्ही फेकतो ती?" त्यांनी शेजारणींना हाका मारून बोलावले आणि आमच्याकडून ते पुन्हा वदवून घेतले. घोळीच्या कातडीला काय भाव येईल, यावर बराच वेळ चर्चा झाली.

आता बाजारात सूनच बसते आणि करंदी स्वस्त देत नाही. मावशी हंगामात आठवड्यातून दोनदा येतात, स्टुलावर बसतात. रोज रात्री दिव्याखाली आरसा धरून त्या दोन्ही तळवे पाहतात, बोटांच्या बेचक्यांतही पाहतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही दांडीला गेलो होतो. आमच्यातल्या एकालाही अलीकडे साखर निघाली आहे, हे बोलण्याच्या ओघात निघाले. मावशी काही बोलल्या नाहीत. आत जाऊन आरसा घेऊन आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बूट काढा."